विश्लेषण : व्हॉट्सअ‍ॅपपासून ‘नम्मा यात्री’पर्यंत वापर… तरीही ‘फंक्शनल प्रोग्रॅमिंग’ अवघड का ठरते?

व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप पोहोचवणारे सर्व्हर, बेंगळूरुत रिक्षा बोलावण्यासाठी वापरले जाणारे ‘नम्मा यात्री’ हे अ‍ॅप आणि ‘सेबी’च्या जुलै २०२५ मधील आदेशामुळे भारतात घरोघरी पोहोचलेली ‘जेन स्ट्रीट’ ही अमेरिकी ट्रेडिंग कंपनी. या तिघांत एक साम्य आहे. तिघांचाही महत्त्वाचा कोड जावा किंवा पायथनमध्ये नाही, तर अनुक्रमे अर्लँग, हॅस्केल आणि ओकॅमल या ‘फंक्शनल’ भाषांमध्ये लिहिलेला आहे. कमी चुका आणि जास्त भरवसा हे या भाषांचे आश्वासन. मग सहा दशकांनंतरही बहुतांश कंपन्या त्यांच्यापासून दूर का राहतात, प्रत्यक्ष काम करताना अडते कुठे आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी त्या शिकाव्यात का, याविषयी.

फंक्शनल प्रोग्रॅमिंग म्हणजे काय?

सी, जावा यांसारख्या भाषांत व्हेरिएबल हे पाटीसारखे असते. त्यावर लिहायचे, पुसायचे, पुन्हा लिहायचे. ‘क्ष = क्ष + १’ ही ओळ गणिताच्या शिक्षकांना खटकेल, पण प्रोग्रॅमरला नाही. फंक्शनल भाषांमध्ये मात्र शिक्षकांचे म्हणणे मान्य केले जाते. एकदा दिलेली किंमत बदलत नाही. बदल हवा असेल तर जुन्यावरून नवी किंमत तयार करायची. जमाखर्चाच्या वहीत जुनी नोंद खोडत नाहीत, खाली नवी नोंद करतात, तसेच.

दुसरा नियम फंक्शनचा. तेच आकडे दिले की तेच उत्तर आले पाहिजे. सकाळी वेगळे आणि रात्री वेगळे नाही. उत्तर देण्याव्यतिरिक्त फंक्शनने गुपचूप दुसरे काही करायचे नाही, म्हणजे फाइल बदलायची नाही की डेटाबेसमध्ये लिहायचे नाही. अशा फंक्शनला ‘शुद्ध’ म्हणतात.

हे सारे अपरिचित वाटत असेल तर एक्सेल आठवावे. एका चौकटीत दोन चौकटींच्या बेरजेचे सूत्र लिहिताना आपण कोणतीही किंमत पुसत नाही, फक्त नाते सांगतो. एक्सेलमध्ये सूत्र लिहिणारा प्रत्येक जण काही प्रमाणात फंक्शनल प्रोग्रॅमिंगच करत असतो. मायक्रोसॉफ्टने २०२० च्या अखेरीस एक्सेलमध्ये स्वत:चे फंक्शन घडवण्याची सोय जाहीर केली. तिचे नावही या शाखेच्या मूळ गणितावरून ‘लॅम्बडा’ असेच ठेवले.

ही कल्पना आली कुठून?

अमेरिकी गणिती अलोन्झो चर्च यांनी १९३० च्या दशकात मांडलेले ‘लॅम्बडा कॅल्क्युलस’ हे तिचे मूळ. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये लिस्प या भाषेवर काम सुरू केले. ज्यांनी फोरट्रान घडवली त्या जॉन बॅकस यांनी १९७७ चा टय़ुरिंग पुरस्कार स्वीकारताना केलेल्या भाषणात पाटी पुसत चालणाऱ्या रूढ पद्धतीवरच टीका केली आणि फंक्शनल शैलीचा पुरस्कार केला. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत १९८० च्या दशकात टेलिफोन एक्स्चेंजसाठी अर्लँग घडली, तर विद्यापीठांतील संशोधकांच्या समितीने १९९० मध्ये हॅस्केलची पहिली व्याख्या प्रसिद्ध केली.

कोणाला फायदा झाला?

सर्वाधिक सांगितले जाणारे उदाहरण व्हॉट्सअ‍ॅपचे. फेसबुकने २०१४ मध्ये १९ अब्ज डॉलरचा खरेदी व्यवहार जाहीर केला, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपचे वापरकर्ते ४५ कोटींच्या घरात होते आणि अभियंते अवघे ३२. त्याआधी २०१२ मध्येच कंपनीने एका सर्व्हरवर एकाच वेळी २० लाखांहून अधिक जोडण्या सांभाळल्याचे सांगितले होते. अर्लँगमध्ये प्रत्येक संभाषणासाठी अगदी हलकी, स्वतंत्र ‘प्रोसेस’ चालवता येते. एक कोसळली तरी शेजारच्या प्रोसेसची मेमरी तिला बिघडवता येत नाही. देखरेख करणारी प्रोसेस तिला पुन्हा सुरू करते.

पैशांच्या व्यवहारात फायदा वेगळा असतो. समजा, पेमेंटच्या तीन अवस्था आहेत : यशस्वी, अयशस्वी, प्रलंबित. सहा महिन्यांनी ‘परतावा’ ही चौथी अवस्था आली. पायथनमध्ये कोडात कुठे कुठे बदल करायचा हे माणसाला शोधावे लागते. एखादी जागा राहिली तर ग्राहकाची तक्रार आल्यावर कळते. ओकॅमल किंवा हॅस्केलचा कम्पायलर मात्र ‘या जागी चौथ्या अवस्थेचा विचार केलेला नाही’ अशी यादीच पुढे ठेवू शकतो. ब्राझीलच्या ‘नूबँक’ने क्लोजर ही फंक्शनल भाषा निवडली आणि २०२० मध्ये त्या भाषेमागील कॉग्निटेक्ट ही कंपनीच विकत घेतली. ‘नम्मा यात्री’ ज्या जसपे कंपनीच्या चमूतून उभे राहिले, ती मुळात पेमेंट क्षेत्रातलीच.

‘जेन स्ट्रीट’बाबत एक खुलासा आवश्यक आहे. ‘सेबी’ने ३ जुलै २०२५ च्या अंतरिम आदेशात निर्देशांकांत फेरफार केल्याचा ठपका ठेवत ४,८४३ कोटी रुपयांहून अधिक रक्कम गोठवण्याचे निर्देश दिले, कंपनीने आरोप नाकारले. या वादाचा ओकॅमलशी संबंध नाही. कोड बिनचूक असणे आणि त्याने केलेले काम नियमांत बसणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. भाषा पहिलीची थोडीफार हमी देते, दुसरीची नाही.

पहिली अडचण : बाहेरचे जग शुद्ध नसते

मुंबईतील रिक्षाचे उदाहरण घेऊ. १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आणि पुढे किलोमीटरमागे १७ रुपये १४ पैसे असा दर आहे. मध्यरात्री १२ ते पहाटे ५ या वेळेत २५ टक्के जादा. प्रतीक्षा वेळ सोडली तर पाच किलोमीटरचे दिवसा साधारण ८६ आणि रात्री साधारण १०७ रुपये होतात. हे भाडे काढणारे फंक्शन शुद्ध लिहायचे तर अंतर आणि वेळ दोन्ही बाहेरून द्यायला हवेत. पण नवखा प्रोग्रॅमर काय करतो? फंक्शनच्या आतच संगणकाचे घडय़ाळ विचारतो. तिथेच शुद्धता संपते. कारण तेच अंतर दिले तरी दुपारी एक आणि रात्री दुसरे उत्तर येणार. असे फंक्शन दुपारी तपासले तर रात्रीच्या दरातली चूक दिसतच नाही.

बहुतेक भाषा हे चालवून घेतात. हॅस्केल चालवून घेत नाही. घडय़ाळ, फाइल, नेटवर्क, डेटाबेस यांना हात लावणाऱ्या फंक्शनच्या टाइपवरच तसा शिक्का असावा लागतो. शिवाय आतल्या एका फंक्शनवर शिक्का लागला की त्याला बोलावणाऱ्यावर, मग त्यालाही बोलावणाऱ्यावर तो लागत जातो. चूक शोधण्यासाठी मध्येच एक ओळ छापून पाहायची, इतकी साधी गरजही त्यामुळे अडते. त्यासाठी पळवाट आहे, पण ती तात्पुरतीच वापरायची असते. या शिक्क्यांची जुळणी करण्याच्या पद्धतीला ‘मोनाड’ म्हणतात आणि या शब्दापाशी असंख्य विद्यार्थ्यांनी पुस्तक मिटवले आहे.

अनुभवी मंडळींचा उपाय सोपा आहे. हिशेब, नियम, पडताळणी हे सगळे शुद्ध फंक्शनांत ठेवायचे. घडय़ाळ आणि डेटाबेस कडेच्या पातळ थरात. मात्र जुना, सगळे एकत्र कालवलेला कोड असा वेगळा करणे हे महिन्यांचे काम असते. फंक्शनल शैलीकडे वळणाऱ्या चमूंचा बराच वेळ इथेच जातो.

दुसरी अडचण : मेमरी आणि वेग

हॅस्केलचे आणखी एक वैशिष्टय़ म्हणजे आळस. ‘लेझी इव्हॅल्युएशन’ म्हणजे एखादे उत्तर प्रत्यक्ष लागेपर्यंत ते काढायचेच नाही. त्यामुळे अनंत याद्याही लिहिता येतात. पण त्याची किंमत असते. दहा लाख आकडय़ांची बेरीज करताना प्रत्येक टप्प्यावर उत्तर काढण्याऐवजी ‘नंतर करू’ अशी चिठ्ठी ठेवली, तर शेवटी दहा लाख चिठ्ठय़ांचा ढीग मेमरीत साचतो. कम्पायलर अनेकदा हे ओळखून सावरतो, पण दर वेळी नाही. गंमत म्हणजे ही चूक टाळणारे ‘फोल्डएल प्राइम’ हे फंक्शन हॅस्केलच्या सहज उपलब्ध मूळ संचात २०२४ च्या जीएचसी ९.१० आवृत्तीत आले. तोवर नवख्यांच्या हाताशी धोक्याचेच फंक्शन आधी लागत असे. अशी गळती छोटय़ा चाचणीत दिसत नाही. खरा भार आल्यावर सर्व्हरची मेमरी फुगू लागते आणि कारण कोडातल्या भलत्याच ओळीत सापडते.

मजकुराचेही तसेच. हॅस्केलची मूळ ‘स्ट्रिंग’ ही सुट्या वर्णांची साखळी आहे. ६४ बिटच्या संगणकावर साखळीच्या एका कडीला २४ बाइट लागतात. देवनागरी वर्णासाठी त्यात आणखी १६ बाइटची भर पडते. जे चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटमध्ये मावते त्याला ४०! म्हणून प्रत्यक्ष कामात ‘टेक्स्ट’ ही वेगळी लायब्ररी वापरतात. पण पाठय़पुस्तकांची सुरुवात ‘स्ट्रिंग’नेच होते आणि मग एकाच प्रकल्पात दोन्ही प्रकार एकमेकांत बदलत बसावे लागतात.

फंक्शनल भाषांत लूपऐवजी बहुधा रिकर्शन, म्हणजे फंक्शनने स्वत:लाच बोलावणे, वापरतात. योग्य रचनेत लिहिले तर हॅस्केल, ओकॅमल, अर्लँग त्याचे लूपइतक्याच काटकसरीत रूपांतर करतात. जावाचे व्हर्च्युअल मशीन मात्र आपणहून तसे करत नाही. त्यामुळे त्यावर चालणाऱ्या क्लोजरमध्ये ‘रिकर’ असे मुद्दाम लिहावे लागते. विसरले तर मोठय़ा यादीवर स्टॅक संपून प्रोग्रॅम बंद पडतो.

‘किंमत बदलायची नाही’ या नियमामुळे दर वेळी सगळी प्रत काढावी लागते, हा समज मात्र चुकीचा आहे. नव्या आणि जुन्या रचनेत समान भाग सामायिक ठेवण्याच्या युक्त्या आहेत. तरीही काही जागी मर्यादा जाणवतात. ‘डिस्कॉर्ड’ या संवाद अ‍ॅपने अर्लँगच्याच यंत्रणेवर चालणारी एलिक्सर भाषा निवडली. मोठय़ा सव्‍‌र्हरवरील सदस्यांची क्रमवार यादी सतत बदलत ठेवताना ती कमी पडली, तेव्हा २०१९ मध्ये कंपनीने तेवढाच भाग रस्ट भाषेत लिहून आत बसवल्याचे सांगितले. बाकी सारे एलिक्सरमध्येच राहिले.

खरी अडचण माणसांची?

बऱ्याच अंशी हो. याचा सर्वात बोलका पुरावा अर्लँगच्या जन्मस्थानीच सापडतो. एरिक्सनच्या एका विभागाने १९९८ मध्ये नव्या उत्पादनांसाठी अर्लँग वापरण्यास मनाई केली. भाषा चालत नव्हती म्हणून नव्हे. जगात इतर कोणी वापरत नसलेली भाषा एकटय़ा कंपनीने किती काळ पोसायची, हा प्रश्न होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अर्लँग सर्वांसाठी खुली झाली. जो अर्माँस्ट्राँग यांच्यासह तिचे काही कर्ते कंपनीबाहेर पडले. पुढे एरिक्सन पुन्हा अर्लँगकडे वळली आणि खुल्या झालेल्या त्याच भाषेवर व्हॉट्सअ‍ॅप उभे राहिले.

आजचे व्यवस्थापकही तोच हिशेब करतात. जावा येणारा माणूस नोटीस काळ संपेपर्यंत मिळतो. हॅस्केल येणारा मिळायला वेळ लागतो, किंवा घेतलेल्याला शिकवावे लागते. पेमेंट गेटवे, सरकारी सेवा, क्लाउड यांच्याशी जोडण्यासाठी कंपन्या जावा, पायथन, जावास्क्रिप्टसाठी तयार लायब्ररी देतात. हॅस्केल किंवा ओकॅमलवाल्याला ती बहुधा स्वत: लिहावी लागते आणि पुढे स्वत:च सांभाळावी लागते. मोठय़ा प्रकल्पांत कम्पाइल व्हायला लागणारा वेळ, एकमेकांशी न जुळणाऱ्या लायब्ररींच्या आवृत्त्या आणि नवख्याला न उलगडणारे त्रुटीसंदेश यांची भर पडते. छोटय़ा भाषेचे भवितव्य मोजक्या माणसांच्या हाती असते हाही धोकाच. वेबपानांसाठी लोकप्रिय होऊ लागलेल्या एल्म भाषेची ०.१९.१ ही आवृत्ती २०१९ मध्ये आली. त्यानंतर वर्षांनुवर्षे नवी न आल्याने तिच्यावर विसंबलेल्या चमूंना पर्याय शोधावे लागले.

‘नम्मा यात्री’च्या बाबतीत हा प्रश्न सार्वजनिकही होतो. चालकांकडून प्रत्येक फेरीमागे कमिशन न घेता ठरावीक शुल्क घेण्याचे प्रारूप या अ‍ॅपने चर्चेत आणले. कोडही सर्वांसाठी खुला ठेवला. भाडे कसे ठरते, फेरी कोणाला दिली जाते, हे कोणीही तपासावे ही त्यामागची भूमिका. कोड खुला असला तरी तो वाचू शकणारे किती, हा प्रश्न उरतो. दुसऱ्या शहरातील चालक संघटनेला किंवा पालिकेला तोच कोड घेऊन आपले अ‍ॅप उभारायचे तर आधी हॅस्केल येणारी माणसे शोधावी लागतील. दुसरीकडे, भाडय़ाचा नियम शुद्ध फंक्शनात मांडलेला असेल तर तो तपासणे शेकडो ओळींत विखुरलेल्या कोडापेक्षा सोपे. वाचणारे कमी, पण वाचायला स्वच्छ, असा हा पेच आहे.

मुख्य प्रवाहातील भाषांनी काय उचलले?

भाषा अल्पसंख्य राहिल्या, तरी त्यांच्या कल्पना सर्वत्र पोहोचल्या. सी-शार्पमध्ये २००७ मध्ये ‘लिंक’ आले, मार्च २०१४ मध्ये जावाच्या आठव्या आवृत्तीत लॅम्बडा आणि स्ट्रीम आले. पायथन, जावास्क्रिप्टमधले मॅप आणि फिल्टर, रिअ‍ॅक्टमध्ये पडद्याला फंक्शन मानण्याची पद्धत, रस्ट आणि कॉटलिनमधील ‘किंमत नसू शकते’ हे टाइपमध्येच सांगण्याची सोय या सगळ्यांचे मूळ इथलेच. त्यामुळे कंपन्यांना मधला मार्ग मिळाला : भाषा ओळखीची, शैली फंक्शनल. त्यात हमी मात्र अर्धीच राहते. जावामध्ये शिस्त पाळणे चमूवर असते. घाईच्या दिवशी कोणी नियम मोडला तर कम्पायलर अडवत नाही.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांचे काय?

मुंबई विद्यापीठाच्या २०१९ च्या सुधारित अभ्यासक्रमात माहिती तंत्रज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षांला प्रोग्रॅमिंगच्या विविध शैलींचा विषय आणि त्यात हॅस्केल होती. पुणे विद्यापीठाच्या संगणक शाखेतही ‘प्रिन्सिपल्स ऑफ प्रोग्रॅमिंग लँग्वेजेस’ या विषयात फंक्शनल शैलीचा भाग होता. म्हणजे ओळख होते, पण कशी? प्रस्तुत प्रतिनिधीच्या महाविद्यालयात या शैलीची ओळख फॅक्टोरियल आणि फिबोनाची या दोन प्रोग्रॅमवर आटोपली. जर्नल पूर्ण झाले, तोंडी परीक्षेत ‘रिकर्शन म्हणजे काय’ एवढेच विचारले गेले. त्यातही फिबोनाचीचा पाठय़पुस्तकी प्रोग्रॅम तेच हिशेब पुन:पुन्हा करतो, त्यामुळे चाळिसाव्या-पन्नासाव्या आकडय़ापाशी रेंगाळतो. ‘फंक्शनल भाषा मंद असतात’ हा चुकीचा धडा घेऊन विद्यार्थी बाहेर पडतात. फाइल वाचणे, त्रुटी हाताळणे, चाचणी लिहिणे हे नोकरीत लागणारे काही त्यात नसते.

नोकरीच्या मुलाखतीत जावा आणि पायथनच विचारले जाते, हे वास्तव आहे. तरीही शिकण्याचा खर्च मोठा नाही. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिटय़ूटच्या प्राध्यापकांनी शिकवलेला हॅस्केलचा अभ्यासक्रम ‘एनपीटेल’वर मोफत आहे. फिबोनाचीऐवजी घरच्या वीजबिलाची टप्पेनिहाय आकारणी किंवा रिक्षाभाडय़ाचा हिशेब लिहून पाहिला, त्याला फाइलमधून आकडे दिले, तर वर सांगितलेल्या बहुतेक अडचणी आठवडय़ाभरात स्वत:च भेटतात.

आता कोड लिहून देणारी एआय साधने आल्याने हिशेब बदलेल का, हाही प्रश्न आहे. या साधनांना शिकायला पायथन, जावास्क्रिप्टचा कोड कितीतरी अधिक उपलब्ध आहे. पण यंत्राने लिहिलेल्या कोडातली चूक पकडायला कडक कम्पायलर उपयोगीही पडतो. लिहिणे स्वस्त झाले, तर तपासण्याचे मोल वाढते.

मग निवड कशी करावी?

चूक महाग पडते तिथे, म्हणजे पेमेंट, कर, भाडे, विमा यांच्या नियमांत या भाषा शोभतात. लाखो जोडण्या एकाच वेळी सांभाळायच्या असतील तर अर्लँग किंवा एलिक्सर. मशीन लर्निंगसाठी लायब्ररींमुळे पायथनच सोयीची. दोन-तीन जणांच्या चमूत एकालाच हॅस्केल येत असेल, तर तो नोकरी सोडून जाईल त्या दिवसाचा विचार आधी करावा. भाषा बदलणे शक्य नसले, तरी निदान भाडे काढणाऱ्या फंक्शनने घडय़ाळ स्वत: पाहू नये, वेळ त्याला बाहेरून द्यावी, एवढे कोणत्याही भाषेत करता येते. रात्रीच्या दरातली चूक मग दुपारी, कार्यालयातच सापडते. मध्यरात्री प्रवासी आणि रिक्षाचालक यांच्या भांडणातून नव्हे.